दहावीनंतर थेट कारखान्याकडे: फी किती, वरखर्च किती, फसगत कुठे

दहावीचा निकाल लागल्यावर पहिले पंधरा दिवस कुणालाही रोख पैसे देऊ नका. 'सीट धरून ठेवतो, दोन हजार टाका' असा फोन येईल. 'सीएनसीचा कोर्स, शंभर टक्के नोकरी' अशी पत्रके शाळेच्या फाटकाबाहेर वाटली जातील. सरकारी आयटीआयची जागा कुणाला धरून ठेवता येत नाही. ती ऑनलाइन अर्जावर आणि गुणांवर मिळते. कारखान्यातल्या कामाचे शिक्षण मुळात स्वस्त आहे. पैसा गळतो तो फीच्या आजूबाजूला, आणि बहुतेक वेळा घाईमुळे.

पुढचे सगळे नववी-दहावीतल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. लेथ, मिलिंग, वेल्डिंग, टूलरूम, देखभाल, सीएनसी (संगणकाने चालणारी मशिन), रोबो अशा उत्पादनाच्या कामात जायचे असेल तर कुठे जायचे, काय न्यायचे आणि किती पैसे काढून ठेवायचे, एवढेच यात आहे.

अजून नववीत असाल तर

दोन गोष्टी विचारून घ्या. तुमच्या गावात किंवा जवळ शासकीय तांत्रिक विद्यालय आहे का? ही विद्यालये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, म्हणजे डीव्हीईटी चालवते. आजूबाजूच्या शाळांतली मुले तिथे तांत्रिक विषयासाठी जातात. फी नावापुरती असते आणि कानस, व्हाइस, वायरिंगचा बोर्ड प्रत्यक्ष हातात येतो. दुसरा प्रश्न शाळेलाच विचारा: व्यवसाय विषय किंवा 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय घेता येतो का? शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने तो घडवला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला. या विषयात वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती, आरोग्य असे सगळे थोडे थोडे करून बघता येते. मुलाला हात काळे करायला आवडतात की नुसते यूट्यूबवर मशिन बघायला आवडते, हे वर्षभरात कळते. आयटीआयमध्ये दोन वर्षे घालवल्यावर कळण्यापेक्षा ते बरे.

दहावीनंतर विज्ञान शाखाच हवी असेल, तर अकरावीला द्विलक्षी अभ्यासक्रमाची चौकशी करा. मेकॅनिकल मेंटेनन्स किंवा इलेक्ट्रिकल मेंटेनन्स हा २०० गुणांचा विषय दुसरी भाषा आणि एक विज्ञान विषय यांच्या जागी घेता येतो. सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो नसतो, म्हणून प्रवेशाच्या आधीच विचारा.

कोणता ट्रेड घ्यायचा

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर, इलेक्ट्रिशियन, मेकॅट्रॉनिक्स हे दोन वर्षांचे ट्रेड. त्यांना दहावी उत्तीर्ण लागते, विज्ञान-गणितासह. वेल्डर एका वर्षाचा. त्याला आठवी उत्तीर्ण चालते, त्यामुळे दहावीत अडकलेल्या मुलालाही तो खुला आहे. वय किमान १४ पूर्ण हवे.

नव्या ट्रेडची नावे भारदस्त आहेत. अ‍ॅडव्हान्स्ड सीएनसी मशिनिंग टेक्निशियन दोन वर्षांचा, इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन एका वर्षाचा. ते मोजक्याच संस्थांत आहेत. आमचे मत विचाराल तर दहावीच्या मुलाने आधी दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. कारण साधे आहे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा रस्ता खुला राहतो. भाषेचा पेपर देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. एका वर्षाच्या ट्रेडला हे दोन्ही रस्ते मिळत नाहीत. शिवाय रोबोला कोणता जॉब कसा पकडायला सांगायचा, हे ज्याने तो जॉब स्वतः व्हाइसमध्ये पकडला आहे त्यालाच पटकन कळते.

मुलींसाठी वेगळे सांगायचे ते इतकेच: 'फिटर मुलींना जमत नाही' हे ऐकून घेऊ नका. राखीव जागा आहेत, महिलांसाठी स्वतंत्र आयटीआयही आहेत. पण महिला आयटीआयमध्ये मशिनिंगचे ट्रेड असतीलच असे नाही. तिथे ते नसतील तर सर्वसाधारण आयटीआयच्या महिला राखीव जागेवर अर्ज करा.

अर्ज कुठे, केव्हा, कसा

राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. सगळ्यांचा प्रवेश डीव्हीईटीच्या एकाच ऑनलाइन पोर्टलवरून होतो. पोर्टलचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. तसा संपत नसेल तर ते पान बंद करा. दहावीच्या निकालाच्या सुमारास नोंदणी सुरू होते, ऑगस्टमध्ये वर्ग भरतात. अर्जाचे शुल्क गेल्या काही वर्षांत खुल्या प्रवर्गाला १५० रुपये आणि राखीव प्रवर्गाला १०० रुपये राहिले आहे.

टप्पे असे. मोबाइल नंबर देऊन नोंदणी. अर्ज भरणे. मग जवळच्या कोणत्याही शासकीय आयटीआयमध्ये मूळ कागद घेऊन जाणे आणि अर्ज 'निश्चित' करून घेणे. त्यानंतर पसंतीक्रम भरणे. गाडी अडते ती इथे. अर्ज निश्चित झाला म्हणजे काम झाले असे समजून अनेक जण घरी जातात, पसंतीक्रम भरतच नाहीत. यादी लागते, नाव नसते. पसंतीक्रम भरल्याची छापील प्रत हातात आल्याशिवाय काम संपले असे धरू नका.

दुसरा सापळा पहिल्या पसंतीचा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. म्हणून 'नाही मिळाले तर बघू' म्हणून भरायचा ट्रेड पहिल्या क्रमांकावर टाकू नका. मनापासून हवा तोच वर. आणि पाच-सहा पसंत्यांवर थांबू नका. शेजारच्या तालुक्याच्या संस्थाही भरा, पण रोज जाऊन येता येईल एवढ्याच.

नोंदणी करताना स्वतःचा किंवा पालकांचाच मोबाइल नंबर द्या. सायबर कॅफेवाला 'माझा टाकतो, ओटीपी लगेच येतो' म्हणेल. मग प्रत्येक फेरीला त्याच्याकडे जाणे आले, आणि प्रत्येक वेळी पन्नास-शंभर रुपये आले. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आयटीआयमध्येच मदत कक्ष असतो, तिथे अर्ज भरायला मदत मिळते आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

खासगी आयटीआयमध्ये व्यवस्थापनाच्या जागेवर जायचे असले तरी याच पोर्टलवर नोंदणी लागते. 'आमच्याकडे थेट प्रवेश, ऑनलाइनची भानगड नाही' असे सांगणाऱ्या संस्थेतून निघून या.

कागद: मे महिन्यातच जमवा

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र. लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, दिव्यांगत्व. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. सोबत मुलाच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. मोठ्या भावाच्या वेळी काढलेला किंवा मुदत संपलेला दाखला जूनमध्ये दाखवाल तर राखीव प्रवर्गाचा फायदा जाईल. तारीख आजच बघा. निकालानंतर तहसीलमध्ये गर्दी होते आणि पंधरा दिवसांचे काम महिन्यावर जाते.

दाखल्याचा खर्च किती? आपले सरकार किंवा महा-ई-सेवा केंद्रात एका दाखल्याचे अधिकृत शुल्क शंभर रुपयांच्या आत आहे. दरपत्रक केंद्रात दिसेल असे लावलेले असावे लागते. 'अर्जंट'चे तीनशे, पाचशे मागतात त्यातला वरचा पैसा पावतीवर नसतो. आपले सरकार पोर्टलवर घरबसल्याही अर्ज होतो. आणखी एक मोठी गळती म्हणजे स्टँप पेपर. साध्या व्यवहारांचा किमान मुद्रांक ५०० रुपये झाल्यापासून 'प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टँप आणा' असे सर्रास सांगितले जाते. जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांसाठीच्या विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञापत्रांना हे मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर स्वयंघोषणा चालते. चार दाखल्यांचे दोन हजार रुपये इथेच वाचतात.

नावाचे स्पेलिंग आधारवर आणि गुणपत्रिकेवर अक्षरशः एक हवे. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव पूर्ण आणि आधारवर नुसते आद्याक्षर, हे फार वेळा दिसते. दोन वर्षांनी आयटीआयच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रावर चुकीचे नाव छापून आले की ते दुरुस्त करायला महिने जातात. आधारवरचे नाव दुरुस्त करायला सध्या ७५ रुपये लागतात. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावरचे बोटांच्या ठशांचे सक्तीचे अद्ययावतीकरण मोफत आहे. दोन्ही एकाच खेपेत उरकून घ्या.

प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा मूळ दाखला संस्था ठेवून घेते. ते रीतसर आहे. आधी त्याच्या दहा-पंधरा प्रती आणि एक चांगले स्कॅन करून ठेवा. मूळ गुणपत्रिका मात्र 'फी पूर्ण भरेपर्यंत आमच्याकडे राहू द्या' असे म्हणून कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका.

फी, आणि फीच्या मागची फी

शासकीय आयटीआयची नियमित जागा: वर्षाची फी साधारण हजार-दोन हजारांच्या घरात, त्यात काही रक्कम अनामत. काही शासकीय आयटीआयमध्ये संस्था व्यवस्थापन समितीच्या म्हणजे आयएमसीच्या जागा असतात. पाटी सरकारी, पण या जागांची फी बरीच जास्त. यादीत नाव लागल्यावर जागा नियमित आहे की आयएमसीची, हे पैसे भरण्याआधी विचारा. भरल्यावर विचारून उपयोग नाही.

खासगी आयटीआयची फी ट्रेड आणि गावाप्रमाणे बदलते. वर्षाला वीस-तीस हजार ऐकू आले तर नवल नाही. फी जास्त म्हणजे प्रशिक्षण चांगले, असा या क्षेत्रात काही संबंध नाही. कित्येक जुन्या शासकीय संस्थांच्या वर्कशॉपच्या पासंगालाही महाग खासगी संस्था पुरत नाहीत. काही खासगी संस्था उत्तम आहेत, पण ते फीवरून नाही, वर्कशॉपवरून ठरवा.

खासगी संस्थेत लेखी फीपत्रक मागा आणि त्यात हे शोधा: साहित्य शुल्क वेगळे आहे का, परीक्षा शुल्क धरले आहे का, गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्यायचा का, 'औद्योगिक भेट' आणि 'प्लेसमेंट' यांचे पैसे आहेत का, प्रवेश रद्द केला तर किती परत आणि किती दिवसांत. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी 'जॉब पास करायचे' पाचशे-हजार गोळा करायची वाईट पद्धत कुठेकुठे आहे. ते शुल्क नाही, लाच आहे. कोणतीही रक्कम मागितली की एकच वाक्य बोला: 'पावती कोणत्या शीर्षाखाली देणार?' बहुतेक मागण्या तिथेच विरतात.

बाकीचा खर्च सरकारी असो की खासगी, सारखाच. स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज आठशे ते बाराशे रुपये. दोन गणवेश शिवून दीड हजारापर्यंत. ड्रॉइंगचे साहित्य आणि कॅल्क्युलेटर मिळून हजारभर. बूट स्वस्तातले घेऊ नका. बाकी सगळे वापरलेले चालेल, दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घ्या. व्हर्नियर कॅलिपर, मायक्रोमीटर विकत घेऊ नका, ते संस्थेने द्यायचे असते. पुस्तकांवर तर एक रुपयाही घालवण्याआधी थांबा. चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची म्हणजे निमीची ट्रेडची पुस्तके हीच अधिकृत. केंद्र सरकारच्या भारत स्किल्स पोर्टलवर अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि बरेचसे ई-साहित्य फुकट आहे. लेखी परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची असते. फुटपाथवरचे 'हमखास गाइड' त्याच प्रश्नसंचातून छापलेले असते.

रोज एसटीने जाणार असाल तर विद्यार्थ्यांच्या मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे. संस्थेचे बोनाफाइड पहिल्याच दिवशी मागा. घरून जाऊन येऊन सरकारी आयटीआय करणाऱ्याचा पहिल्या वर्षाचा सगळा खर्च, प्रवास धरून, दहा हजारांच्या आसपास बसतो. शहरात खोली घ्यावी लागली तर हिशेबच बदलतो. भोसरी, चाकण, सातपूर अशा पट्ट्यांत वाटून घेतलेली खोली आणि मेस मिळून महिन्याला पाच-सहा हजार धरा. म्हणजे फी हजाराची आणि राहणे वर्षाला साठ-सत्तर हजारांचे. 'मोठ्या शहरातली संस्था' या मोहापायी तालुक्याची जागा सोडण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा. वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या दिवशीच करा, जागा थोड्या असतात.

परत येणारा पैसाही आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये आयटीआयच्या पात्र प्रशिक्षणार्थ्यांचे विद्यावेतन दरमहा ४० रुपयांवरून ५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. खासगी संस्थेतल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी शुल्क प्रतिपूर्तीच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. अर्ज दर वर्षी करावा लागतो, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहून जाते. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. मधल्या काळात कुठल्या तरी पेमेंट बँकेचे खाते मोबाइलच्या दुकानात उघडले असेल, तर पैसे तिकडे गेलेले असतात. बँकेत जाऊन कोणते खाते जोडलेले आहे ते विचारा.

वर्कशॉप बघितल्याशिवाय फी भरू नका

पसंतीक्रम भरण्याआधी एक सकाळ काढा. ऑफिसमधल्या काचेच्या कपाटातले चकचकीत जॉब बघू नका, वर्कशॉपमध्ये चला. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा कीस आहे का? टूल पोस्टवर गंज चढला आहे का? कूलंटची टाकी कोरडी ठणठणीत आहे का? सीएनसी मशिनवर प्लास्टिकचे आवरण आणि आवरणावर धूळ असेल, तर ते मशिन पाहुण्यांसाठी आहे. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाची जॉबची वही मागा. तारखा सलग आहेत की एकाच पेनने एका बैठकीत भरल्यात, ते कळते. त्याचा हात बघा. फिटरच्या मुलाच्या तळव्याला कानसीचे घट्टे नसतील, तर तिथे काय शिकवले जाते ते समजून घ्या.

इतके विचारा: एका लेथवर किती मुले? निदेशकाची जागा भरलेली आहे की तासिका तत्त्वावर? तुमच्या ट्रेडला, तुमच्या पाळीला संलग्नता आहे का? हे शेवटचे महत्त्वाचे. संस्था मान्यताप्राप्त असली तरी ट्रेड आणि तुकडी वेगवेगळी संलग्न होते. केंद्र सरकारच्या स्किल इंडिया डिजिटल हबवर संस्थेचे नाव आणि ट्रेड दोन्ही तपासता येतात.

'हजेरीची काळजी करू नका, फक्त परीक्षेला या' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. ती खोटी भरून मिळालेल्या प्रमाणपत्रानिशी मुलगा कारखान्यात जातो तेव्हा पहिल्या दिवशी त्याच्या हातात मायक्रोमीटर देतात. पुढचे सांगायला नको.

डिप्लोमा की आयटीआय

गणित बरे असेल आणि तीन वर्षे घरून पाठबळ असेल तर डिप्लोमा. दहावीला किमान ३५ टक्के लागतात, प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून. शासकीय तंत्रनिकेतनाची फी वर्षाला साधारण सात-आठ हजार, खासगीची चाळीस हजारांपासून लाखापर्यंत आणि पुढेही. कमाई लवकर हवी असेल तर आयटीआय, आणि नंतर वाटले तर डिप्लोमाचे थेट दुसरे वर्ष. एक वर्ष जास्त लागते, पण हात तयार होतो.

दोन ठिकाणे बऱ्याच पालकांना माहीत नसतात, दोन्ही छत्रपती संभाजीनगरात. इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची संस्था. तिथे दहावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा करता येतो. खर्च लाखांच्या घरात जातो, पण साचे आणि डाय बनवणाऱ्या कारखान्यांत या मुलांना मागणी असते. दुसरी सिपेट, प्लास्टिक तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था. प्लास्टिक मोल्ड टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा डिप्लोमा, देशभर एकच प्रवेश परीक्षा. दोन्हींचे अर्ज त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर निघतात. आयटीआयचा फॉर्म भरला म्हणजे इकडचा भरला असे होत नाही.

शिकाऊ उमेदवारी: कराराचा कागद वाचा

आयटीआयनंतरचे अप्रेंटिसचे वर्ष टाळू नका. आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि अप्रेंटिसचे राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र हे दोन कागद मिळून तुमची किंमत ठरते. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत तर रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा आहेत.

तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कायद्याने शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. म्हणून जागा मिळवून देण्याचे पैसे मागणारा एजंट लबाड आहे. नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते आणि ती मोफत आहे.

२०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन आयटीआय झालेल्याला दरमहा ७,००० रुपये, डिप्लोमावाल्याला ८,०००, नुसत्या दहावीवाल्याला ६,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून करार करण्याच्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर बघून घ्या. राष्ट्रीय योजनेखाली केंद्र सरकार यातला २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांचा वाटा थेट तुमच्या खात्यात टाकते. म्हणजे कंपनीकडून थोडे कमी आले तर लगेच भांडू नका, दोन्ही जमा मिळवून बघा.

आता सापळा. गेटवर 'अप्रेंटिस' म्हणून घेतात, आत गेल्यावर तुम्ही ठेकेदाराचे 'ट्रेनी' असता. ओळखायचे कसे? करार पोर्टलवर नोंदलेला हवा आणि त्याला क्रमांक हवा. कायद्यातल्या शिकाऊ उमेदवाराचा पीएफ कापत नाहीत. पीएफ कापला जात असेल तर तुम्ही कामगार आहात. त्यात वाईट काही नाही, पण मग शिकाऊ प्रमाणपत्र मिळणार नाही आणि पगार किमान वेतनाचा हवा. अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावायला शिकाऊ सल्लागारांची मंजुरी लागते. रोज बारा तास उभे करत असतील तर ते शिक्षण नव्हे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतले काम हेही अप्रेंटिस नाही. पैसे मिळतील, शिकाऊ प्रमाणपत्र नाही.

'कमवा आणि शिका' म्हणून डिप्लोमा देणाऱ्या योजनांत एकच प्रश्न विचारा: प्रमाणपत्रावर सही-शिक्का कोणाचा? मान्यताप्राप्त मंडळाचा किंवा विद्यापीठाचा नसेल, तर तुम्ही कमवत आहात, शिक्षण होत नाही.

सीएनसीचे क्लास

आयटीआयच्या आधी करू नका. ड्रॉइंग वाचता येत नाही, टॉलरन्स म्हणजे काय माहीत नाही, अशा मुलाला जी-कोड पाठ करून काही मिळत नाही. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या शेवटी केले तर एक-दोन महिन्यांचा कोर्स उपयोगी पडतो. खासगी क्लास पंधरा ते चाळीस हजार घेतात. त्यांना विचारा: प्रत्यक्ष मशिनवर किती तास, सिम्युलेटरवर किती, एका मशिनवर किती मुले, कंट्रोलर फानुक की सीमेन्स, आणि ऑफसेट माझ्या हाताने घेऊ देणार का? शेवटच्या प्रश्नावर उत्तर अडखळले तर उठा.

हप्त्यांच्या कागदावर सही करताना बघा, ती क्लासला दिलेली फी आहे की फायनान्स कंपनीचे कर्ज. कर्ज असेल तर क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहतो. 'शंभर टक्के नोकरी' लेखी मागा: कोणती कंपनी, कोणते पद, हातात पगार किती. लेखी कुणी देत नाही.

तक्रार कुठे करायची? प्रवेश आणि फीबद्दल जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी कार्यालयात. अप्रेंटिसबद्दल मूलभूत प्रशिक्षण तथा आनुषंगिक सूचना केंद्रात, ज्याला बीटीआरआय म्हणतात. ते शासकीय आयटीआयच्या आवारात किंवा जवळपास असते. तोंडी सांगून परत येऊ नका. दोन प्रतींत अर्ज न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

प्रमाणपत्र ऑनलाइन आले की त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, ट्रेड आणि गुण तपासा. दुरुस्तीचा अर्ज संस्थेमार्फतच जातो, आणि संस्थेतला लिपिक तुम्हाला ओळखत असतो तोवरच तो लवकर जातो.